ब्लाउज टेलर, जांभळी नाका, ठाणे: चार स्टार

खांदे रुंद, छाती सपाट. माझ्यासारख्या ट्रान्स बाईचं माप घ्यायचं म्हटलं की बरेच टेलर टेप हातात धरून नुसते बघत राहतात. जांभळी नाक्याजवळच्या गल्लीतल्या या ताईंनी एवढंच विचारलं, "पॅड आतच शिवून देऊ, की वेगळे घालणार?" मुंढा सैल, पुढे प्रिन्सेस कट, बाही कोपरापर्यंत; पैठणीवर खांदे जाणवतच नाहीत. बिलावर नाव मी सांगितलं तेच, आधार कुणी मागितलं नाही. दुकानात भेदभावाला ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठीच्या २०१९च्या कायद्याने बंदी आहे म्हणा, पण ताईंना तो ठाऊक असेल असं वाटत नाही. एक स्टार कापला तो उशिरापायी. गणपतीच्या तोंडावर कपडे टाकू नका, हुक-काजं हमखास राहतात. आणि ट्रायलला पडदा आहे, दार नाही.