सेप्टिक टाकी बुजवून कोरडा संडास: १४ महिन्यांचा अनुभव

आमचं घर कणकवलीपासून थोडं आत. पावसाळ्यात ३००० मिलीमीटरच्या वर पाऊस, आणि मे महिन्यात विहिरीचा तळ दिसतो. जमीन जांभ्याची, पाणी धरून न ठेवणारी. जुनी सेप्टिक टाकी विहिरीपासून जेमतेम २५ फुटांवर होती. विहिरीचं पाणी तपासलं तेव्हा कोलिफॉर्म, म्हणजे मैला मिसळल्याची खूण मानले जाणारे जंतू, निघाले. टाकी उघडल्यावर कळलं, गवंड्याने तळाला कोबा केलाच नव्हता. घरातली मुलं तेच पाणी पीत होती, हे आठवलं की अजून जीव कळवळतो.

पण टाकी चांगली बांधलेली असती तरी त्यात मैला खाली बसून थोडाफार कुजतो, एवढंच. वरचं पाणी जंतूंसकट शोषखड्ड्यात जातं. श्रावणात आमच्याकडे हातभर खणलं तरी पाणी लागतं; तिथे ते शोषणार कुठे? पाणंदीतून टँकर येत नाही, म्हणून रस्त्यावर उभा करून लांब पाइपने एकदाची उपसली आणि बुजवली. सुरक्षेच्या साधनांशिवाय आत माणूस उतरवणं २०१३च्या कायद्याने बंद आहे, आणि कायदा नसता तरी मी ते होऊ दिलं नसतं.

नवा संडास दोन कप्प्यांचा, जमिनीच्या वर, तळ काँक्रीटचा. एक कप्पा भरला की तो बंद करून दुसरा वापरायचा. मैला खाली कप्प्यात, लघवी पुढून वेगळी, आणि मागे सरकून धुवायचं. ते पाणी विहिरीच्या खालच्या अंगाला केळीच्या आळ्यात जातं. प्रत्येक वेळी ओंजळभर राख आणि भाताचा तूस टाकायचा. लघवी दहापट पाणी घालून माडांना.

वास येत नाही, पण फक्त कप्पा कोरडा असेपर्यंत. एका पाहुण्याने सवयीने बादलीभर पाणी ओतलं आणि चार दिवस आत पाऊल ठेववत नव्हतं. सुका पालापाचोळा टाकत राहिलो तेव्हा निवळलं. जुलैत राख सादळली, माश्या झाल्या. वाऱ्याच्या पाइपावरची जाळी फाटली होती, ती बदलली. आता राख-तूस झाकणाच्या पिंपात, आणि पावसाआधीच वर्षभराची बेगमी. हे नियमाने करणारं घरात कोणी नसेल, तर कृपा करून हा संडास बांधू नका.

आईचे गुडघे दुखतात, तिला मागे सरकणं जड जायचं. भिंतीला धरायला कडी बसवली, आता ती एकटी जाते. सुरुवातीला ती बिचकली नाही, कारण गांधीवादी अप्पासाहेब पटवर्धनांच्या कणकवलीतल्या गोपुरी आश्रमातलं सोनखत, म्हणजे मैल्याचं खत, तिने लहानपणापासून ऐकलेलं.

चार माणसांचं फ्लशचं रोजचं शंभरेक लिटर पाणी वाचतं. यंदा मे महिन्यात पाणी विकत घ्यावं लागलं नाही. गेल्या श्रावणात विहीर पुन्हा तपासली. कोलिफॉर्मचा आकडा बराच उतरलाय, शून्य नाही. पाणी अजून उकळूनच पितो.

पहिला कप्पा मार्चमध्ये भरला. आतल्या मैल्याचं खत होईपर्यंत, किमान वर्षभर, तो उघडायचा नाही, म्हणून खताबद्दल आत्ता काही लिहीत नाही. बंद केल्याची तारीख दारावर खडूने लिहिली आहे. पाऊस ती पुसतो, मी परत लिहितो.