घरात टीबी निघालाय, बाकीच्यांचा साधा एक्स-रे काढायचा की थेट एचआरसीटी?

घरात एकाला फुफ्फुसाचा टीबी निघाला की बाकीच्यांची छाती तपासून घ्या असं सांगतात, आणि तिथेच प्रश्न पडतो, एक्स-रे की एचआरसीटी, म्हणजे फुफ्फुसाचे बारीक काप दाखवणारी सीटी. ठाण्यात दोन्ही हाकेच्या अंतरावर आहे. कोविडनंतर तर सीटी इतकी अंगवळणी पडलीय (25 पैकी स्कोअर किती आला हे तेव्हा शेजारपाजारही विचारायचे) की "एक्स-रेत काय दिसणार, सीटीच करून टाका" असं सांगणारा एक नातेवाईक प्रत्येक घरात असतोच. आमच्याकडे राहणाऱ्या पुतण्याचा बेडका पॉझिटिव्ह आला तेव्हा मी आणि बायकोने एक्स-रे काढला, आणि आईची मात्र एचआरसीटी झाली, कारण धाकट्या भावाचं म्हणणं पडलं, "दादा, आईचं वय बघ, एकदाच काय ते नीट बघून घेऊ." म्हणजे एकाच घरात एकाच कारणासाठी दोन्ही झालं, त्या अनुभवावरून लिहितोय. किंमत आणि रेडिएशन तुम्हाला माहीत असेलच, त्यात जात नाही.

टीबी शोधण्यापुरतं बोलायचं तर एक्स-रेला कमी लेखू नका. 2019 ते 2021 मध्ये देशभर टीबीचा जो सर्व्हे झाला त्यात सापडलेल्यांपैकी 42.6 टक्के लोक एक्स-रे काढला नसता तर सुटलेच असते, नुसती लक्षणं विचारून ते हाती लागले नसते. सीटी बारीक दाखवते हे खरंच, हृदयाच्या मागे, गळ्याच्या हाडाआड लपलेलं एक्स-रेत निसटू शकतं. पण दोन्हीत संशय आला तरी शेवटचा शब्द थुंकीच्या तपासणीचा, सीबीनॅट नाहीतर ट्रूनॅट (दोन्ही टीबीच्या जंतूची जनुकं शोधणाऱ्या मशीनवरच्या टेस्ट), आणि ती सरकारी केंद्रात फुकट होते.

मला खरा फरक जाणवला तो टीबी सोडून जे भलतंच निघतं त्यात. आणि भलतं दोन्हीत निघतं बरं का.

माझ्या एक्स-रेत डाव्या बाजूला खाली एक गोल सावली दिसली. पोटात गोळा आला, खोटं कशाला सांगू. पण टेक्निशियनने तिथल्या तिथे दोन्ही स्तनाग्रांवर टेपने बारीक धातूच्या खुणा चिकटवल्या आणि परत एक्स-रे काढला, सावली बरोबर खुणेवर, म्हणजे ती स्तनाग्राचीच सावली. बायकोच्या एक्स-रेत मानेजवळ एक जास्तीची बरगडी निघाली, जन्मापासूनची, हाताला मुंग्या वगैरे येत नसतील तर सोडून द्या म्हणाले. आम्ही दोघंही त्याच दिवशी मोकळे.

आईचा रिपोर्ट आला तो असा: टीबीची चिन्हं नाहीत, आणि त्याखाली थायरॉइडमध्ये छोटी गाठ, लिव्हरमध्ये सिस्ट, मणक्याची झीज, हृदयाच्या रक्तवाहिनीत कॅल्शियम, उजव्या फुफ्फुसात वरच्या बाजूला 5 मिमीचा नोड्यूल (बारीक गाठ), सहा महिन्यांनी फॉलोअप सीटी करावी. सगळं एकाच सुरात, एकाच टाइपात. ज्यासाठी गेलो होतो ते उत्तर पहिल्याच ओळीत होतं पण घरात ते कोणी वाचलंच नाही.

आता सीटीच्या बाजूचं आधी सांगतो, ते न सांगणं अन्याय होईल. त्या कॅल्शियममुळे फॅमिली डॉक्टरांनी आईचं बीपी, कोलेस्टेरॉल नव्याने बघितलं आणि गोळी सुरू केली. हे एक्स-रेत कळलं नसतं आणि त्याबद्दल मी मनापासून कृतज्ञ आहे.

पण तो नोड्यूल! माझा कल ठरला तो तिथेच. चेस्टचे डॉक्टर म्हणाले, आईंनी आयुष्यात विडी-सिगरेट ओढलेली नाही, 6 मिमीच्या आतला आहे, फ्लाइश्नर सोसायटीच्या (छातीच्या एक्स-रे-सीटीच्या तज्ज्ञांची संस्था) 2017 च्या गाइडलाइनप्रमाणे अशा माणसाला रुटीन फॉलोअप लागत नाही. पण रिपोर्टात "सहा महिन्यांनी" छापलेलं, ते आईच्या डोक्यातून जाईना, साधी शिंक आली तरी छातीवर हात. शेवटी ती नेरूळला भावाकडे असताना तिथल्या जवळच्या सेंटरला परत सीटी केली आणि रिपोर्टात आलं 6 मिमी. झालं, भावाचा रात्री फोन, "दादा, वाढलंय." मग पहिली सीडी शोधा, ती ठाण्याच्या घरी, ती घेऊन परत डॉक्टरांकडे. त्यांनी दोन्ही सीडी कॉम्प्युटरवर शेजारी शेजारी उघडल्या, तोच काप काढून स्वतः मोजलं आणि म्हणाले, हा फरक मोजण्यातला आहे, निदान 2 मिमी फरक पडल्याशिवाय वाढ मानत नाहीत. म्हणजे सुरुवातीला होतो तिथेच, मधले सहा महिने मात्र आईचे गेले.

हा आमच्याच नशिबाचा भाग असंही नाही. 2011 मध्ये आलेल्या अमेरिकेतल्या मोठ्या ट्रायलमध्ये, विषय फुफ्फुसाच्या कॅन्सरचा होता, खूप वर्षं सिगरेट ओढलेल्यांच्या लो-डोस (कमी रेडिएशनच्या) सीटीत 24.2 टक्के वेळा काहीतरी संशयास्पद निघालं, एक्स-रेत 6.9 टक्के, आणि दोन्हीकडे त्यातलं 90 टक्क्यांहून जास्त शेवटी कॅन्सर नव्हतं. त्या लोकांत सीटीमुळे कॅन्सरचे मृत्यू 20 टक्के कमी झाले, म्हणून त्यांच्यासाठी सीटीच बरी. पण आपला प्रश्न वेगळा आहे, घरात टीबी आहे, मला झालाय का.

मधुमेह जोरात आहे, सांधेदुखीसाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू आहेत, किंवा एक्स-रे स्वच्छ असून ताप-वजन घटणं थांबत नाही, तर डॉक्टर सीटी सांगतील आणि तेव्हा खुशाल करा, मी डॉक्टर नाही. बाकी धडधाकट माणसाने, मला वाटतं, एक्स-रेपासूनच सुरुवात करावी. फक्त शिबिरात हातात धरायच्या मशीनवर काढलात तर एक विचारून घ्या, कॉम्प्युटर जो स्कोअर देतो तो मुख्यतः टीबीसाठी असतो, रेडिओलॉजिस्टने पूर्ण फिल्म वाचलीय का. आणि सीटी केलीच तर सीडी मागून घ्या, जमल्यास पुढची त्याच सेंटरला करा.

अजून एक, एक्स-रे क्लिअर आला की लोक घरी जाऊन बसतात. तसं करू नका. जंतू शरीरात झोपून असू शकतो आणि तो एक्स-रेतही दिसत नाही, सीटीतही नाही, म्हणून घरातल्यांना टीबी होऊ नये यासाठी सरकारी केंद्रात प्रतिबंधक गोळ्या देतात, त्या मागून घ्या. आम्हा दोघांना त्या सुरू करताना लक्षणं विचारली आणि एक्स-रे बघितला, सीटी कोणी मागितली नाही.