थंडीसाठी रायफल बांधताना: पंजावाली ॲक्शन की पुश-फीड?

नळी स्टेनलेसची, दस्ता लॅमिनेटेड लाकडाचा किंवा फायबरग्लासचा, आणि चापाची कडी अशी की जाड हातमोज्यासकट बोट आत गेलं पाहिजे. इथपर्यंत बर्फात रायफल घेऊन फिरणाऱ्यांचे फारसे मतभेद नसतात. वाद पेटतो तो ॲक्शनवरून, म्हणजे काडतूस भरणाऱ्या आणि रिकामी पुंगळी बाहेर काढणाऱ्या यंत्रणेवरून. एकीकडे रेमिंग्टन 700 आणि तिच्या वळणावर गेलेल्या पुश-फीड ॲक्शन, ज्यांत बोल्ट (हाताने मागेपुढे ओढायचा दांडा) काडतूस नुसतं पुढे ढकलतो. दुसरीकडे 1898 च्या माउझरकडून आलेला लांब पंजासारखा एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे काडतुसाची कड धरून ते ओढणारा आकडा, मिरवणाऱ्या, विंचेस्टर मॉडेल 70 सारख्या. मी दोन्ही बांधून घेतल्या. आधी पुश-फीड, चार हिवाळ्यांनंतर पंजावाली.

पुश-फीडच्या बाजूने बोलण्यासारखं खूप आहे. गोल रिसीव्हर (बोल्ट ज्यात सरकतो ते धड) दस्त्यात नीट बसवणं गनस्मिथला सोपं जातं, चाप आणि मॅगझिनचे हवे तितके पर्याय मिळतात, आणि माझी तरी जास्त नेमकी मारते. बोटं बधिर झालेली असताना एखादं काडतूस थेट चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या खोबणीत, टाकून बोल्ट लावता येतो, हेही कमी नाही. पंजावालीत ते बहुतेक वेळा मॅगझिनमधूनच वर यावं लागतं. पंजा बळजबरीने काडतुसाच्या कडेवर चढवत राहिलं तर तो तुटायची भीती.

मग बिनसलं कुठे? पुंगळी बाहेर फेकणाऱ्या इजेक्टरवर. पुश-फीडमध्ये तो बहुधा बोल्टच्या तोंडातल्या बारीकशा भोकात बसवलेला, मागे स्प्रिंग असलेला दट्ट्या असतो. एरवी त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. एका रात्री मी रायफल शेकोटीच्या उबेत आत ठेवली. थंडगार लोखंडावर दमट हवेचं पाणी धरलं, आणि सकाळी उणे 28 मध्ये बाहेर पडल्यावर त्या भोकात त्याचा बर्फ झाला. पहिली गोळी सुटली. बोल्ट मागे ओढला तर रिकामी पुंगळी चेंबरमधून आली, पण बाहेर पडेना. बोल्टच्या तोंडाला तशीच चिकटून. पुढे ढकलला की परत आत. शेवटी हातमोजा काढून नखाने उचकटली. उघड्या बोटाने त्या थंडीत लोखंड धरलं की काय होतं, ते ज्याने धरलंय त्याला सांगायला नको.

चूक माझीच होती म्हणा. रायफल बाहेर थंडीतच ठेवायला हवी होती, आणि बोल्ट उघडून त्यातलं तेल पुसून कोरडा करायला हवा होता. गोठलेल्या तेलाने काडतुसावर ठोका मारणारी फायरिंग पिन मंदावते आणि गोळी सुटतच नाही, हे माहीत असूनही मी आळस केला होता. पण त्या आळसाला रायफलीचाही थोडा हातभार होता. रेमिंग्टनच्या बोल्टमधली फायरिंग पिन काढायला हत्यार लागतं, किंवा बुटाची नाडी आणि नाणं घेऊन कसरत. मॉडेल 70 ची पिन नुसत्या हाताने सुटते. म्हणून ती साफ होते, आणि दुसरी राहून जाते. मॉडेल 70 चा इजेक्टर म्हणजे रिसीव्हरमध्ये बसवलेलं पातं असतं. त्यालाही स्प्रिंग आहे, पण ती उघड्यावर, बोटाने दाबून बघता येते. पुंगळी किती जोरात फेकायची, तेही बोल्ट ओढणारा हात ठरवतो.

माझ्या एका अनुभवावर सगळं तोलू नये, हे खरं. कॅनडाच्या उत्तर टोकाला फिरणाऱ्या लष्करी रेंजर्सनी जुन्या ली-एनफिल्ड रायफली सोडून सी 19 रायफल घेतली, ती टिक्का टी 3 एक्सवर आधारलेली, म्हणजे पुश-फीडच. उलट ग्रीनलंडमध्ये कुत्र्यांच्या स्लेजवरून गस्त घालणाऱ्या डॅनिश सिरिअस पथकाने पंजावाली एम 1917 रायफल दशकानुदशकं वापरली आहे. दोन्ही ठिकाणी अस्वलांशी गाठ पडते, त्यामुळे हौस म्हणून कुणी निवड केली असेल असं वाटत नाही.

पंजावालीची कुरकूर मलाही आहे. मागे ओढलेला बोल्ट खुळखुळतो. वजन जास्त भरतं. आणि मॉडेल 70 घेणार असाल तर साल बघा. 1964 मध्ये कंपनीने पंजाच काढून टाकला होता आणि बऱ्याच वर्षांनी परत आणला, त्यामुळे मधल्या काळातली नावाने मॉडेल 70 असली तरी आतून पुश-फीडच निघते.

पुश-फीडवरच मन बसलं असेल, तर निदान इजेक्टरचा दट्ट्या कोरडा ठेवा आणि निघण्याआधी एखाद्या काडीने दाबून बघा, उसळून वर येतो का. मी ते आता जुन्या रायफलीवर न चुकता करतो. बाहेर नेतो मात्र दुसरीच.