जुना डीएसएलआर ठेवायचा की मिररलेस घ्यायचा? मी दोन्ही वापरून जुन्यावर परत आलो

दहा-पंधरा वर्षांचा डीएसएलआर (आत आरसा असलेला, आरशातून थेट समोरचं दाखवणारा कॅमेरा) घरात आहे, अजून नीट चालतोय, पण आजूबाजूचे सगळे मिररलेसवर (आरसा नसलेला, डोळ्यासमोर छोट्या स्क्रीनवर चित्र दाखवणारा कॅमेरा) गेले म्हणून मनात चलबिचल सुरू आहे, अशा लोकांसाठी हे लिहितोय. मी यातून गेलोय. नवा घेतला, चार महिने रोज वापरला आणि परत जुन्यावर आलो. माझ्या कॅमेऱ्यांच्या कंपन्यांची नावं मुद्दाम घेत नाही, कारण जे सांगायचंय ते त्या त्या प्रकारच्या बहुतेक कॅमेऱ्यांना लागू आहे.

माझा जुना म्हणजे 2009 साली घेतलेला 12 मेगापिक्सेलचा एपीएस-सी (म्हणजे लहान सेन्सरचा) डीएसएलआर. नवा होता 24 मेगापिक्सेलचा फुल फ्रेम (म्हणजे मोठ्या सेन्सरचा) मिररलेस, मधल्या श्रेणीतला. बाकी आकडे तुम्हाला कुठेही वाचायला मिळतील.

मेगापिक्सेलचं आधी उरकून टाकतो. 12 चे 24 झाले की डबल झाल्यासारखं वाटतं, पण फोटोची रुंदी आणि उंची वाढते फक्त 1.4 पट. फोरके स्क्रीन म्हणजे साधारण 8.3 मेगापिक्सेल, त्यामुळे तिथे माझा जुना फोटोसुद्धा थोडा लहान करूनच दिसतो. प्रिंट काढायची तर 300 डीपीआयला 14 बाय साडेनऊ इंच आरामात निघते, भिंतीवर लावायला मला त्याहून मोठी कधी लागली नाही. हां, पक्ष्यांचे फोटो काढत असाल आणि प्रत्येक फोटो अर्ध्याहून जास्त क्रॉप करावा लागत असेल तर 24 चा फरक जाणवतो, ते मान्य.

कमी उजेडात नवा सरळ सरळ पुढे आहे. माझ्या जुन्यावर आयएसओ (कमी उजेडात वाढवायची संवेदनशीलता) 1600 च्या वर गेलं की सावल्यांमध्ये रंगीत ठिपके यायला लागतात, नव्यावर 6400 ला मी बिनधास्त काढत होतो. वर बॉडीतच स्टॅबिलायझेशन (हाताचा कंप सावरणारी सोय), त्यामुळे स्थिर गोष्टीचा फोटो हातात धरून अर्ध्या सेकंदालाही शार्प यायचा. पण एक गोष्ट करून बघा. जुन्या रॉ फाइल्स (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइल्स) ठेवल्या असतील तर त्यातली एखादी अंधारातली काढा आणि आत्ताच्या एखाद्या नॉइज कमी करणाऱ्या सॉफ्टवेअरमधून पुन्हा प्रोसेस करा. मी 2011 सालच्या एका अंधाऱ्या सभागृहातल्या फाइल्स अशा उघडल्या आणि बराच वेळ नुसता बघत बसलो, तेव्हा टाकून द्यायच्या म्हणून बाजूला ठेवलेले फोटो आता छापण्यासारखे निघाले. मोजमाप केलेलं नाही, पण माझ्या डोळ्याला तरी एक-दीड स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) फायदा वाटला. म्हणजे कॅमेरा तोच राहिला तरी त्याच्या फाइल्स सुधारत गेल्या, ही गोष्ट अपग्रेडचा विचार करताना कोणी धरतच नाही.

फोकसमध्येही नवा पुढे, आणि इथे मी वाद घालणार नाही. डोळा ओळखून फोकस लावणं ही खरंच मोठी सोय आहे. डीएसएलआरमध्ये फोकस मोजणारा सेन्सर वेगळा असतो, आरशाखाली, त्यामुळे बॉडी आणि लेन्सचं जरा इकडेतिकडे असलं की फोकस डोळ्यावर लावूनही शार्प कान येतो. माझ्या 50 एमएम लेन्सवर एफ 1.8 ला (म्हणजे लेन्सचं तोंड पूर्ण उघडं, तेव्हा अगदी थोडीच जागा शार्प येते) हे कितीतरी वेळा झालंय. मिररलेस फोकस मुख्य सेन्सरवरूनच बघतो, त्यामुळे ही भानगडच नाही. मी यावर उपाय म्हणून तोंड थोडं कमी उघडून एफ 2.8 ला काढायला लागलो आणि मधला फोकस पॉइंट सोडून दुसरा वापरत नाही. ज्यांना 1.8 लाच काढायचंय, धावणाऱ्या मुलांचे काढायचेत, त्यांनी नव्याचा विचार नक्की करावा.

इतकं सगळं नव्याच्या बाजूने असताना मी परत का आलो? एका त्रासामुळे. लिहिताना तो फार छोटा वाटतो, पण माझ्यासाठी निर्णय त्यानेच झाला.

कॅमेरा गळ्यात आहे, दोन-चार मिनिटं हात लावलेला नाही, तो झोपलाय. समोर काहीतरी घडतं, मी कॅमेरा डोळ्याला लावतो आणि आत काळोख. मग कुठेतरी अर्ध्या सेकंदाने किंवा त्याहून जरा जास्त वेळाने चित्र येतं. बस, एवढंच.

माझे बहुतेक फोटो घरच्या माणसांचे असतात, आणि त्यातही आईचे. आईला हसताना फोटो काढलेला आवडत नाही, ती मनापासून हसते पण लगेच तोंडावर हात नेते. हसू सुरू झाल्यापासून हात वर येईपर्यंत जो वेळ मिळतो तेवढाच माझा. जुन्या कॅमेऱ्यात मी डोळा लावला की आई दिसते. कॅमेरा बंद असला तरी दिसते, कारण मध्ये आरसा आणि काच आहे, दुसरं काहीच नाही. बटण चालू करेपर्यंत माझी फ्रेम लागलेली असते. नव्यात मी काळ्या पडद्याकडे बघत असायचो आणि पडदा उजळेपर्यंत हात तोंडावर आलेला असायचा. चार महिन्यांच्या फोटोंमध्ये आईचे तोंडावर हात ठेवलेले इतके फोटो जमले की एकदा सगळे एकाखाली एक बघितले आणि खरंच वाईट वाटलं.

उपाय नाहीत असं नाही, मी सगळे केले. झोपायची वेळ तीस सेकंदांवरून पाच मिनिटांवर नेली, मग बॅटरी दुपारपर्यंतच संपायला लागली. कॅमेरा वर उचलतानाच शटर अर्धं दाबून त्याला जागं करायची सवय लावली, ती बरीच उपयोगी पडली, पण त्यासाठी आता काहीतरी घडणार हे आधी कळावं लागतं आणि हसू काही सांगून येत नाही. त्यात व्ह्यूफाइंडरजवळचा (जिथे डोळा लावून बघतो तिथला) डोळा ओळखणारा सेन्सर. कॅमेरा पोटाशी लटकत असला की त्याला वाटतं डोळा आलाय, मग मागचा स्क्रीन बंद आणि आतला चालू. मागचं मेन्यू बघताना बोट जवळ गेलं तरी तेच. फक्त व्ह्यूफाइंडर असं सेटिंग केलं तर फोटो मागे बघता येत नाही, परत डोळा लावून बघा.

प्रामाणिकपणे सांगायचं तर महागड्या मॉडेल्समध्ये हा प्रकार कमी आहे असं वापरणारे सांगतात, आणि शूटिंग सुरू असतानाचा ब्लॅकआउट, म्हणजे प्रत्येक फोटोला क्षणभर होणारा काळोख, तर सोनीने 2017 मध्ये ए9 आणला तेव्हाच काढून टाकला होता. तसं बघितलं तर डीएसएलआरमध्येही नेमक्या फोटोच्या क्षणी आरसा वर जातो आणि तो क्षण आपल्याला दिसत नाहीच. पण तो काळोख फोटो मिळाल्यावरचा आहे, नव्यातला फोटो मिळायच्या आधीचा. माझ्या दृष्टीने सगळा फरक इथे आहे. शिवाय तासन्‌तास छोट्या स्क्रीनमध्ये बघून माझे डोळे थकायचे, सगळ्यांचं तसं होत नसेलही. उलट एपीएस-सी डीएसएलआरचा व्ह्यूफाइंडर लहान असतो, बोगद्यातून बघितल्यासारखा, आणि एक्स्पोजर कसं येईल ते त्यात आधी कळत नाही. नव्यात जे दिसतं तेच येतं. नवीन शिकणाऱ्यासाठी ती फार चांगली गोष्ट आहे, पण पंधरा वर्षं कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा एकच मीटर वापरल्यावर तो कुठे फसतो ते मला माहीत झालंय, उजळ पार्श्वभूमी असली की दोन-तृतीयांश स्टॉप वाढवायचा, की झालं.

बॅटरीचंही याच्याशीच नातं आहे. आरशातून बघायला वीज लागत नाही. जुन्याची एक बॅटरी मला पूर्ण दिवस पुरते आणि संध्याकाळी निम्मी उरते, नव्याला दोन लागायच्या आणि तिसरी जवळ असली की बरं वाटायचं.

लेन्सबद्दल थोडं. माउंट (लेन्स बसवायची खाच) बदललं की अॅडॅप्टर आलं, आणि ज्या जुन्या लेन्सेस बॉडीतल्या मोटरवर फोकस करतात त्या अनेक अॅडॅप्टरवर मॅन्युअलच होतात, घ्यायच्या आधी हे तपासा. कारण कॅमेरा बदलायला निघालेला माणूस बऱ्याचदा दोन-तीन लेन्सेससकट सगळंच बदलून बसतो. तुमच्याकडे अजून किटसोबत आलेली लेन्सच असेल तर माझं ऐका, आधी एक चांगली प्राइम लेन्स (झूम न होणारी) घ्या, जुन्यालाच लावून सहा महिने वापरा आणि मग ठरवा.

जुन्याचा धोका वेगळा आहे. सुटे भाग मिळणं बंद होतं, शटर कधीतरी जाणार, रबर सैल होतं. माझ्याचं ग्रिपचं रबर मी दोनदा चिकटवलंय. कार्डाचंही बघायला लागतं, त्या काळातले बरेच कॅमेरे एसडीएचसीपर्यंतच घेतात, म्हणजे 32 जीबी, मोठं कार्ड घातलं तर वाचतच नाहीत. अर्थात 12 मेगापिक्सेलच्या रॉ फाइल्स 32 जीबीमध्ये दोन हजारांच्या वर बसतात, मला त्यात अडचण आली नाही. मी त्याच मॉडेलच्या दोन ओरिजिनल बॅटऱ्या मिळत होत्या तेव्हाच घेऊन ठेवल्या, ते बरं झालं.

व्हिडिओ करत असाल तर हा सगळा विचार सोडा आणि मिररलेस घ्या, तिथे जुना कुठेच उभा राहत नाही. माझा नवा मी बहिणीला दिला, ती व्हिडिओ करते, तिला कॅमेरा चालू व्हायला अर्धा सेकंद लागतो हे मी सांगेपर्यंत जाणवलंही नव्हतं, आणि तिच्या कामासाठी तो अगदी योग्य आहे.

तेव्हा ठरवताना माझं मत असं आहे, पटलं तर बघा. कुणाचा तरी नवा कॅमेरा आठवडाभर मागून आणा, तुम्ही नेहमी जे काढता तेच काढा आणि गळ्यात झोपलेला असताना एकदम उचलून बघा. त्या अर्ध्या सेकंदाचं तुम्हाला काही वाटलं नाही तर खुशाल घ्या, बाकी सगळं त्याच्याकडे जास्तच आहे. मला वाटलं. माझ्या जुन्याचं शटर गेलं तर मी आधी तीच बॉडी वापरलेली कुठे मिळते का ते शोधणार आहे. गेल्या आठवड्यात आईचा एक मिळाला, हात अजून मांडीवरच आहे.