दांडिया बाजारातलं जुनं सलून: कात्रीचा हात बघायचा असेल तर इथे जा

बडोद्यात केस कुठे कापावेत असं कोणी विचारलं, की मी दांडिया बाजारातल्या आतल्या गल्लीतलं हे तीन खुर्च्यांचं सलून सांगतो. एसी नाही, नंबर लावून ठेवायची सोय नाही, स्कूटर लावायला जागा शोधावी लागते. तरीही सांगतो.

माझ्या डोक्यात मागे दोन भोवरे आहेत. एका चकचकीत सलूनमध्ये मशीनला नंबर लावून सरसकट फिरवलं आणि आठवड्याभरात भोवऱ्यापाशी केस ताठ उभे राहिले. इथले भाई आल्याआल्या पाणी मारत नाहीत. आधी कोरडे केस विंचरतात आणि ते आपणहून कुठे पडतात ते बघतात. भोवऱ्यापाशी अंमळ लांब ठेवतात, म्हणजे केस आपल्याच वजनाने बसतात. बाकी मागची बाजू आणि कानावरचा भाग सगळा कंगव्यावर कात्रीने. कंगवा मानेपासून सावकाश वर सरकतो, कात्रीचं एक पातं त्याला टेकून स्थिर असतं आणि दुसरं नुसत्या अंगठ्यावर चालतं. आरशात बघत राहावं असं काम आहे. आखूड कुठे संपलं आणि लांब कुठे सुरू झालं, ते बोट फिरवूनही कळत नाही. केस महिन्याला साधारण १ सेंटीमीटर वाढतात, त्यामुळे कट कसा झालाय ते त्याच दिवशी ठरवूच नये. तिसऱ्या आठवड्यात बघावं. इथला तेव्हाही नीटच दिसतो.

भाई गुजराती, पण सगळी हयात मराठी गिऱ्हाइकांत गेलेली. ‘साहेब, मागे चौकोनी करू का उतरतं?’ असं विचारतात. उतरतं सांगा. चौकोनी रेघ चार दिवस झकास दिसते, मग खाली खुंट उगवले की मान बेंगरूळ दिसायला लागते.

दाढीचं सांगायचं तर ब्रशने फेस चांगला मुरवतात, घाई नाही. ब्लेड पाकिटातून काढून कागदासकट उभं मोडतात आणि त्यातलं अर्धं तुमच्यासमोर वस्तऱ्यात घालतात. हे कुठल्याही सलूनमध्ये डोळ्यांनी बघून घ्या, कारण हिपॅटायटिस बी आणि सी रक्तावाटे पसरतात आणि एवढासा ओरखडाही त्याला पुरतो. चामड्याचा पट्टा अजून खुर्चीला लटकतोय, पण आता त्यावर वस्तरा परजत नाहीत. शेवटी ओली तुरटी फिरवतात. तिने कातडी आक्रसते, बारीक रक्त थांबतं. आफ्टरशेव्ह मागितलं तर आहे, मला तुरटीच आवडते.

चंपी मागून घ्या, फार सुंदर करतात. मानेचा कडाका मात्र भाई काढत नाहीत, कोणी कितीही आग्रह केला तरी. मला याचं फार बरं वाटतं. मानेला तसा झटका बसला तर मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीला इजा होऊ शकते, आणि तरी पुष्कळ ठिकाणी सहज म्हणून मान मोडतात.

लहान मुलांना खुर्चीच्या हातांवर आडवी फळी टाकून बसवतात. रडणाऱ्या पोरासाठी मशीन बंद ठेवून नुसत्या कात्रीने कापताना मी पाहिलंय.

केसांचे १०० रुपये, दाढीचे ६०. सोमवारी बंद. गणपतीच्या आणि नवरात्राच्या आधीचे रविवार टाळा, गरब्याला जाणारी पोरं बाहेर ओट्यापर्यंत बसलेली असतात. श्रावणात बरेच जण केस-दाढी करत नाहीत, तुम्हाला चालत असेल तर तेव्हा जा. कोपऱ्यातल्या खुर्चीवर भाईंचा पुतण्या असतो. दाढी तोही छान करतो, केसांसाठी मात्र भाईंची खुर्ची रिकामी होईपर्यंत थांबा.