गावातली मलेरिया तपासणी अन् १४ दिवसांच्या गोळ्या: आमच्या आशाताईंची सेवा

आमचं गाव गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यात, जंगलाले लागूनच. रोवणीच्या टायमाले भावाले थंडी वाजून ताप भरला तं आशाताई निरोप गेल्याबरोबर घरी आल्या, बोटातून थेंबभर रक्त घेऊन किटवर टाकलं अन् पंधरा-वीस मिनिटांत सांगितलं का व्हायवॅक्स जातीचा मलेरिया आहे. टेस्ट फुकट, गोळ्या फुकट. पण मी हे लिहून राहिलो ते त्याच्यानंतरच्या कामासाठी.

क्लोरोक्विन ३ दिवस अन् प्रायमाक्विन १४ दिवस. ताप लवकरच उतरला, अन् तिथंच आपले लोक गोळ्या सोडून वावरात जातात. ताईंनी सोडू दिल्या नाही, रोज संध्याकाळी यायच्या, जेवला का विचारायच्या, समोर गोळी खाऊ घालायच्या. लघवी काळी-लाल दिसली तं गोळी बंद करून लगेच सांगा, हे पण बजावलं, कारण काही लोकांच्या रक्तात एक एन्झाइम कमी असते अन् प्रायमाक्विननं त्यांच्या लाल पेशी फुटतात. गरोदर बाईले ही गोळी देतच नाही.

मी झूलॉजी शिकलो म्हणून सांगतो, १४ दिवस काहून ते. मच्छर चावला का मलेरियाचा परजीवी पहिले लिव्हरच्या पेशीत घुसते, तिथं वाढते, तेव्हा ना ताप ना किटवर रेघ. पेशीच्या आत काय चालते हे बरंचसं उंदरांवर समजलं. काँगोमधल्या रानउंदरांत १९४८ साली सापडलेला प्लाझमोडियम बर्गेई हा मलेरियाचाच परजीवी त्यासाठी लॅबमध्ये वापरतात. उंदराच्या लिव्हरमध्ये दोनेक दिवसांत एकाचे हजारो होतात. पेशी पण गप्प बसत नाही, घुसलेल्याले आतल्या आत पचवायले पाहते, अन् इंटरफेरॉन नावाच्या प्रथिनाचा इशारा देऊन रोगाशी लढणाऱ्या पेशी बोलावते, तरी काही वाचतात अन् त्याच पेशीचं आवरण अंगावर घेऊन रक्तात उतरतात. पण उंदराच्या या जातीत एक गोष्ट नाही जी व्हायवॅक्समध्ये आहे, लिव्हरमध्ये झोपून राहणारा परजीवी. तो महिन्यांनंतर पण उठते. क्लोरोक्विन त्याले मारत नाही, त्याच्यासाठीच प्रायमाक्विन.

काकाले एका खासगी दवाखान्यात सलाईन लावून, सुया देऊन मोकळं केलं, व्हायवॅक्स असून प्रायमाक्विनचं नावही काढलं नाही. दिवाळीनंतर परत तोच ताप, मजुरी बुडाली ते वेगळंच. भावाले अजून तरी परत आला नाही.

कमी एकच वाटली. आजूबाजूच्या टोल्यांवरचे म्हातारे लोक गोंडीच बोलतात, त्यांच्यासाठी पाकिटासोबत चित्रांचं एखादं कार्ड पाहिजे, आज कोणती गोळी, उद्या कोणती. सध्या ताई पाकिटावर पेनानं खुणा करून देतात, अन् पावसात ते पाकीट भिजून जाते.