वायुगळतीचा अंदाज: सांताक्रूझचा वारा घ्यावा की माहुलचा?

मुंबईतल्या माहुलच्या औद्योगिक पट्ट्यात वायुगळती झाली, तर ढग कुठे सरकेल याचं गणित वाऱ्यावरच उभं राहतं. सांताक्रूझ वेधशाळेच्या नोंदी भरवशाच्या आणि अनेक वर्षांच्या. वर्षभराचा धोका-नकाशा करायला त्याच घ्याव्यात. पण ती जागा माहुलपासून दहा-बारा किलोमीटर लांब. माहुलला एकीकडे खाडी, दुसरीकडे ट्रॉम्बेची टेकडी.

दुपारी समुद्रावरचा वारा जोरात असला की सांताक्रूझचे आकडे घेऊनही फारसं बिघडत नाही. खरी परीक्षा थंडीतल्या रात्री. वारा पडतो, दिशा सारखी बदलते, जमिनीलगत गार हवेचा थर बसतो आणि वायू वर न जाता वस्तीत रेंगाळतो. भोपाळला २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री हवा अशीच स्थिर होती.

कारखान्याच्या आवारातला हवामान मोजणारा मनोरा इथे उपयोगी पडतो. दहा मीटरवर वाऱ्याची नोंद, दोन उंचींवर तापमान: वरची हवा जास्त उबदार दिसली की थर बसल्याचं लगेच कळतं. मात्र यंत्र टाकीच्या आडोशाला लावलं, तर ते आडोशाचाच वारा सांगेल. तेवढी जागा नीट निवडली असेल, तर कोणती गल्ली आधी रिकामी करायची हे मी माहुलच्याच आकड्यांवरून ठरवीन.